तीस फूट म्हणजे नक्की किती?

जुलैत यलोस्टोनला आरव्हीनं जायचं ठरलं की घरात आधी गाडीचीच चर्चा होते. आईबाबा पुण्याहून आलेले, मुलं दोन, म्हणजे सहा जणांच्या झोपण्याची सोय हवी. मग भाड्यानं मिळणाऱ्यांतली सगळ्यात मोठी, तीस फुटी गाडी ठरते. ती चालवायची कशी, संडासाची टाकी रिकामी करायची कशी, याचे व्हिडिओ बघून होतात. रात्री ती उभी कुठं करायची, हे बऱ्याचदा शेवटी बघितलं जातं, आणि मग माहितीच्या ढिगात माणूस हरवतो. एकाच कॅम्पग्राउंडबद्दल सरकारी पान एक सांगतं, अ‍ॅप दुसरं आणि गेल्या वर्षी जाऊन आलेला मित्र तिसरं. तिघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतात. प्रत्येकाला एखादी गोष्ट स्वतः माहीत असते, बाकीची तो ऐकीव किंवा जुनी सांगत असतो. त्यामुळे कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, हे ठरवता आलं की अर्धी डोकेदुखी कमी होते.

सुरुवात लांबीपासून करू, कारण सगळ्यात जास्त फजिती तिथंच होते.

अमेरिकेतल्या केंद्र सरकारच्या जमिनींवरची बहुतेक कॅम्पग्राउंडं रिक्रिएशन डॉट गव्ह या एकाच संकेतस्थळावर आरक्षित होतात. राष्ट्रीय उद्यानं, वनखात्याची जंगलं, लष्कराच्या अभियंता दलानं बांधलेल्या धरणांचे काठ, सगळं तिथं सापडतं. बहुतेक लोक नकाशावर हिरवा ठिपका बघतात, तारीख टाकतात आणि पैसे भरतात. थांबून त्या एका साइटचं पान उघडलं तर खाली बारीक अक्षरांत बरंच काही असतं: आत शिरायची जागा सरळ आरपार आहे की मागं घेत शिरायचंय, जागेची लांबी किती, वाहनाची कमाल लांबी किती, सावली आहे का, वीज आहे का. जागेची लांबी आणि वाहनाची कमाल लांबी हे दोन आकडे वेगळे असू शकतात. आपल्यासाठी दुसरा महत्त्वाचा. तीस फुटी गाडी मागच्या बंपरसकट, शिडीसकट, सायकलींच्या स्टँडसकट किती होते, हे भाड्याच्या कागदावरून कळत नाही; टेप लावून बघावं. मागं ट्रेलर ओढणाऱ्यांनी तर पुढची गाडी आणि ट्रेलर मिळून विचार करावा, कारण ट्रेलर साइटवर बसला आणि ओढणारा ट्रक रस्त्यात राहिला, तर रेंजर येऊन हटवायला लावतो.

पण बरोबर मोजलेला आकडाही अर्धंच सांगतो. साइट पस्तीस फुटांची असते, तिथपर्यंत नेणारं वळण मात्र कोणी मोजलेलं नसतं. याचं कारण शंभरेक वर्षं मागं जातं. १९२० च्या दशकात मोटारी स्वस्त झाल्या आणि लोक जंगलात वाट्टेल तिथं गाड्या घालून तंबू ठोकू लागले. कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या राईंमध्ये प्रचंड जुनी झाडं खंगायला लागली. ई. पी. माइनेके नावाच्या वनस्पतीरोगतज्ज्ञानं त्याचा शोध घेतला. रोग कुठलाच नव्हता. चाकांखाली आणि पायांखाली माती दगडासारखी घट्ट होत होती आणि मुळांचा जीव घुसमटत होता. १९३२ मध्ये त्यानं कॅम्पग्राउंड कसं असावं याचा एक आराखडा छापला: एकदिशा वळणावळणाचा अरुंद रस्ता, त्याच्या कडेला तिरप्या कोनात काढलेल्या छोट्या जागा, गाडीनं त्यापलीकडं जाऊ नये म्हणून ओंडके आणि धोंडे, आणि ठरलेल्या जागी टेबल आणि चूल. पुढच्याच वर्षी मंदीतल्या बेरोजगार तरुणांसाठी सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर सुरू झालं आणि १९४२ पर्यंत या पोरांनी देशभर कॅम्पग्राउंडं बांधली. रचना माइनेकेच्या वळणाची, आणि माप त्या काळच्या मोटारीचं.

आज आपण त्याच रस्त्यांवर तीस फुटी घर घेऊन जातो. झाडं वाचवण्यासाठी मुद्दाम अरुंद ठेवलेल्या रस्त्यात अडकल्यावर सरकारला शिव्या देण्यात अर्थ नाही. रस्ता आपलं काम चोख करत असतो. या इतिहासातून दोन व्यवहाराच्या गोष्टी मिळतात. एक, बाणाच्या उलट दिशेनं कधीही शिरू नये, कारण साइट तिरपी असते आणि उलट बाजूनं मागं घेणं जवळपास अशक्य होतं. दुसरी, साइटच्या शेवटी जो ओंडका असतो तिथं चाकं थांबतात, गाडी नाही. तीस फुटी गाडीची मागची चाकं बंपरपासून बरीच पुढं असतात. ओंडक्यापलीकडं नुसतं गवत असेल तर गाडीचं मागचं अंग त्यावर निवांत तरंगतं आणि काही फूट फुकटात मिळतात. तिथं पाइनचं खोड असेल तर एक फूटही मिळत नाही. हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नसतं. ते माहीत असतं कॅम्प होस्टला. हे बहुधा निवृत्त जोडपं असतं. स्वतःची आरव्ही लावायला फुकट जागा मिळते आणि त्या बदल्यात ते पूर्ण मोसम तिथं राहून देखरेख करतात. कुठल्या साइटवर किती लांबीची गाडी खरोखर बसली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांचा नंबर सहसा मिळत नाही, पण त्या भागातल्या रेंजर ऑफिसचा मिळतो. ‘माझी गाडी तीस फुटी, मागं काही ओढत नाही, साइट चौदा चालेल का?’ इतकं नेमकं विचारलं तर उत्तरही नेमकं येतं. ‘तुमच्याकडं आरव्ही चालते का?’ असं विचारलं तर ‘हो’ येतं, आणि ते निरुपयोगी असतं.

सरकारी पान मात्र एका बाबतीत शेवटचा शब्द मानावं: काय चालतं, काय चालत नाही आणि आज काय बंद आहे. यलोस्टोनचंच बघा. पूर्ण हूकअप, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची नळी तिन्ही देणारं कॅम्पग्राउंड अख्ख्या उद्यानात एकच आहे, फिशिंग ब्रिज. तिथं कापडी भिंतींचं काहीही चालत नाही. तंबू नाही आणि वर उघडणारा कापडी ट्रेलरही नाही, कारण तो सगळा ग्रिझली अस्वलांच्या वावराचा भाग आहे. मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हा नियम नसतो. तो कडक भिंतींच्या गाडीतून गेला असेल तर त्याला कळायचंही कारण नसतं. शिवाय इथं आरक्षणाच्या दोन खिडक्या आहेत. फिशिंग ब्रिज, मॅडिसन, कॅनियन, ग्रँट आणि ब्रिज बे ही पाच झँटेरा नावाची कंत्राटदार कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावरून चालवते, तर मॅमथसारखी उद्यान सेवेची रिक्रिएशन डॉट गव्हवर मिळतात. एका खिडकीवर ‘सगळं भरलं’ असं बघून कितीतरी जण यलोस्टोनचा नाद सोडतात, आणि दुसऱ्या खिडकीवर त्याच रात्री जागा असू शकते.

‘आज काय बंद’ याला तर दुसरा पर्यायच नाही. १३ जून २०२२ ला यलोस्टोनमध्ये पूर आला, उत्तरेकडचा गार्डिनरहून येणारा रस्ता नदीनं ठिकठिकाणी तोडून नेला आणि उद्यानाची सगळी प्रवेशद्वारं बंद करावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये वणव्यांमुळे कॅलिफोर्नियातली अठराही राष्ट्रीय वनं लोकांसाठी बंद झाली. त्या आठवड्यात अ‍ॅपांवर तिथल्या कॅम्पग्राउंडांचे चार-साडेचार तारे जसेच्या तसे लकाकत होते. ताऱ्यांना वणवा कळत नाही. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी उद्यानाच्या किंवा वनाच्या पानावरच्या सूचना वाचायच्या, बाकी सगळं नंतर. मे आणि ऑक्टोबरमध्ये आणखी एक मेख असते. कॅम्पग्राउंड ‘उघडं’ असतं, पण नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाणी बंद ठेवलेलं असतं. सूचनेतल्या एका ओळीत हे लिहिलेलं असतं आणि तीच ओळ वाचायची राहते.

खासगी पार्कांकडं वळलं की चित्र पालटतं. इथं माहिती देणारा माल विकत असतो, त्यामुळे ती भरपूर असते, रंगीत असते आणि पोहण्याच्या तलावाचा फोटो प्रत्येक पानावर असतो. या धंद्याची एक मजेदार गोष्ट आहे. १९६२ मध्ये सिएटलला जागतिक प्रदर्शन भरलं आणि तिकडं निघालेल्या गाड्यांची रांग माँटानातल्या बिलिंग्जवरून जाऊ लागली. डेव्ह ड्रम नावाच्या स्थानिक व्यावसायिकानं यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर त्यांच्यासाठी मुक्कामाची सोय केली. त्यातूनच केओए ही साखळी उभी राहिली. तिनं जागेइतकीच खात्री विकली: पिवळी पाटी दिसली की आत साधारण काय मिळेल याचा अंदाज असायचा. अनोळखी मुलखात संध्याकाळी सहा वाजता मुलं भुकेली असताना त्या खात्रीला खरोखर किंमत असते, आणि ती भाड्यात वसूलही केली जाते.

साखळीबाहेरच्या पार्कांसाठी गुड सॅमचं मार्गदर्शक आहे. त्यांचे तपासनीस प्रत्यक्ष जाऊन तीन वेगळे गुण देतात: सोयींना, न्हाणीघर-संडासाला आणि एकंदर दिसण्याला. मधला आकडा बघा असं मी सांगेन. सोयी पार्क स्वतःही मोजून सांगतं, देखणेपणा फोटोत दिसतो, पण मोरी स्वच्छ आहे की नाही हे तिऱ्हाइतानं आत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. अर्थात त्याच मार्गदर्शकात पार्कांच्या जाहिरातीही असतात, हे विसरू नये.

खासगी पार्कांच्या पानावर ‘३० अँप’ आणि ‘५० अँप’ असं लिहिलेलं असतं. वाचताना वाटतं, दुसरं पहिल्याच्या दीडपटीहून जरा जास्त असेल. तसं नाही. तीस अँपच्या जोडणीत १२० व्होल्टची एकच तार येते, म्हणजे फार तर ३,६०० वॅट. पन्नासच्या जोडणीत अशा दोन येतात, म्हणजे १२,००० वॅट. आता आपलं घर चालवून बघा. छतावरचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास, चहाची इलेक्ट्रिक किटली दीड हजार आणि इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी लावली तर आणखी हजार. तीसवर यातलं कुठलंही दोन चालेल, तिसरं लावलं की ब्रेकर पडतो. भाड्याच्या गाड्या बहुतेक तीसवाल्याच असतात, त्यामुळे पन्नासची साइट घेऊन जास्तीचे पैसे मोजण्यात काही हशील नाही. आणि पानावर काहीही लिहिलेलं असो, जुन्या पार्कांत दुपारी चार वाजता सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज ढासळतं. प्लगमध्ये खोचायचा साधा व्होल्टमीटर जवळ ठेवावा. आकडा १०४ च्या खाली गेला तर एसी बंद करणं बरं. चांगली संरक्षक यंत्रं तिथंच वीज तोडतात. व्होल्टेज पडतं हे पार्क कधीच लिहिणार नाही. ते लिहितो तिथं ऑगस्टमध्ये राहून घामाघूम झालेला माणूस, आणि म्हणून अभिप्राय वाचायचे.

पण कसे वाचायचे? सरासरी तारे हा त्यातला सगळ्यात टाकाऊ भाग आहे. तंबूवाल्यानं शांततेला दिलेले पाच तारे आणि चाळीस फुटी बसवाल्यानं झाडांच्या फांद्यांना दिलेला एक तारा यांची सरासरी काढून हाती काय लागणार? ‘सुंदर जागा, पुन्हा येऊ’ हे वाक्य वगळून पुढं जावं. समजा कोणी लिहिलं आहे, ‘सत्तावीस फुटी ट्रेलर, जूनअखेर, पूर्वेकडून आलो, शेवटचा मैल कच्चा आणि खळग्यांचा, साइट आठ एका बाजूला झुकलेली, व्हेरायझनच्या दोन काड्या, दुसऱ्या कुणाचं नेटवर्क नाही’, तर त्या माणसाचे हात जोडून आभार मानावेत. त्यात महिना आहे, दिशा आहे, लांबी आहे आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टी आहेत. कॅम्पेंडियमसारख्या अ‍ॅपवर नेटवर्कची नोंद कंपनीवार वेगळी मिळते. शुक्रवारी गाडीतून कामाच्या मीटिंगला बसायचं असेल तर फोन कंपन्यांच्या रंगीत नकाशांपेक्षा ही नोंद कितीतरी खरी निघते.

आपल्यासारख्याच परिस्थितीतल्या माणसाकडून माहिती घ्यायची, ही रीत अमेरिकेत जुनी आहे आणि तिचा सगळ्यात गंभीर दाखला कॅम्पिंगच्याही पलीकडचा आहे. व्हिक्टर ग्रीन हा न्यूयॉर्कच्या हार्लेममधला कृष्णवर्णीय टपालवाला. १९३६ पासून तो कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक पुस्तिका काढू लागला: कुठल्या गावात कुठं खोली मिळेल, कुठं जेवण मिळेल, कुठं पेट्रोल मिळेल. बाजारात मार्गदर्शकं इतरही होती आणि त्यातले पत्ते बरोबरच होते. पण तिथं गेल्यावर दार उघडेल की नाही, हे त्यात नव्हतं. राष्ट्रीय उद्यानंही याला अपवाद नव्हती. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआमध्ये १९३९ मध्ये उघडलेलं लुइस माउंटन हे कृष्णवर्णीयांसाठी वेगळं काढलेलं ठिकाण होतं. तिथं प्रश्न अब्रूचा आणि जिवाचा होता, आपला फांद्यांचा आणि नेटवर्कचा आहे. पण सांगणारा कोण आणि तो कुठल्या गाडीतून, कुठल्या कातडीतून बोलतोय, हे आधी बघायला ग्रीनचे वाचक शिकले होते.

मुक्काम पक्का झाला तरी वाट राहते, आणि वाटेची माहिती कॅम्पग्राउंडच्या पानावर क्वचितच असते. गूगल मॅप्स गाडीची उंची विचारत नाही. भाड्याची मोठी आरव्ही साधारण बारा फूट उंच असते. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी एक रेल्वेपूल ११ फूट ८ इंचांवर होता. त्यानं इतक्या ट्रकांची आणि आरव्हींची छतं सोलली की तो जगप्रसिद्ध झाला आणि अखेर २०१९ मध्ये आठ इंचांनी उचलावा लागला. असे अप्रसिद्ध पूल देशभर आहेत. म्हणून आरव्हीसाठीचं वेगळं जीपीएस किंवा उंची, लांबी आणि वजन भरून घेणारं अ‍ॅप वापरावं आणि गाडीची उंची फूट-इंचांत कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा आरसे धरून ८ फुटांहून रुंद गाडी नेताच येत नाही. म्हणजे पूर्व आणि पश्चिम टोकांना एकेका रात्रीचं आरक्षण केलंत, तर मधे डोंगराला मोठा वळसा पडणार.

झायन राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट जुन्या माहितीचा नमुना म्हणून सांगतो. माउंट कार्मेलचा बोगदा १९३० चा. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडीला पंधरा डॉलरचं परमिट घ्यावं लागे आणि रेंजर समोरची वाहतूक थांबवून ती मधोमध जाऊ देत. वर्षानुवर्षं सगळ्या प्रवासवर्णनांत हेच छापलं गेलं. पुढं उद्यानानं जाहीर केलं की २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना त्या रस्त्यानं सोडणार नाही. जुनी वर्णनं काही कोणी पुसणार नाही. ती शोधात वरच येत राहतील. वाचताना तारीख आधी बघायची.

वाट तपासायचा एक बिनपैशाचा उपाय म्हणजे उपग्रहचित्र. कॅम्पग्राउंडचं नाव टाकून वरून बघितलं की रस्ता डांबरी आहे का, वळण किती आवळ आहे, झाडी किती दाट आहे आणि हायवे किती जवळ आहे हे दिसतं. शेजारून जाणारा रेल्वेरूळही दिसतो. पश्चिमेतली कितीतरी पार्कं रुळाशेजारी आहेत आणि मालगाडी रात्री दोन वाजता भोंगा वाजवतच जाते; ‘शांत परिसर’ लिहिणाऱ्याला ती दिवसा ऐकू आली नसावी.

आरक्षणाशिवाय, फुकट, जंगलात राहायचं असेल तर अ‍ॅपवरच्या ठिपक्यांवर विसंबू नये. आयओव्हरलँडरवरचा ठिपका एवढंच सांगतो की तिथं कोणीतरी एकदा झोपलं होतं. ते कायदेशीर होतं का, हे वनखात्याच्या मोटार वाहन वापर नकाशावर कळतं. हा नकाशा काळापांढरा, बोजड आणि डोळ्यांना त्रास देणारा आहे, पण फुकट आहे आणि कायद्यानं तोच ग्राह्य धरतात. ज्या रस्त्याच्या कडेनं बारीक टिंबं दिली आहेत, त्या रस्त्यालगत गाडी लावून मुक्काम करता येतो. आव्हेन्झा अ‍ॅपमध्ये तो उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही आपण नकाशावर नेमके कुठं आहोत ते दिसतं. भूव्यवस्थापन खात्याच्या जमिनींवर साधारण २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं. वॉलमार्टच्या आवारात रात्र काढता येते ही ऐकीव गोष्ट अर्धी खरी: ते त्या दुकानाच्या व्यवस्थापकावर आणि गावच्या नियमावर अवलंबून असतं. आत जाऊन विचारायचं, एवढंच.

सहा महिने आधी आरक्षणाची खिडकी उघडताच मिनिटांत संपणाऱ्या साइटी नंतर रद्दही होतात, विशेषतः मुक्कामाच्या आधीच्या काही दिवसांत. रिक्रिएशन डॉट गव्हवर त्याची सूचना लावता येते. प्रथम येणाऱ्याला प्रथम या पद्धतीच्या कॅम्पग्राउंडांत लोक दुपारी बाराच्या आत निघतात, म्हणून सकाळी नऊ-दहाला पोचणाऱ्याचं नशीब उजळतं. संध्याकाळी पोचणाऱ्यानं आशा ठेवू नये, निदान जुलैत तरी. आणि आईबाबा ग्रीन कार्डावर आलेले आणि बासष्टच्या पुढचे असतील, तर त्यांच्या नावानं आजीवन सीनियर पास काढून घ्यावा. ऐंशी डॉलरचा हा पास कायम रहिवाशांनाही मिळतो, केंद्र सरकारच्या पुष्कळ कॅम्पग्राउंडांत त्यावर मुक्कामाचं भाडं निम्मं होतं, आणि आरक्षण करतानाच त्याचा नंबर टाकता येतो. अट एवढीच की पासधारक स्वतः मुक्कामाला हजर हवा, म्हणजे बाबांना गाडीत घेऊनच जावं लागतं.